मी एकटा गेलो नाही तर काय फरक पडतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पत्रांच्या पानावर एका वाचकांनी विचारलं होतं, की घरी उत्तम हेडफोन आहेत, हवं ते गाणं हव्या त्या वेळी ऐकता येतं, तर सभागृहात दोन-अडीच तास अवघडून बसायचं कशासाठी? पुढचा मोबाइल उंच धरून बसतो, शेजारचा खोकतो, आणि ध्वनिव्यवस्थेचं तर विचारूच नका. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलं होतं, 'आणि मी एकटा गेलो नाही तर मैफलीला काय फरक पडतो?'

हा प्रश्न त्यांनी उत्तराच्या अपेक्षेने विचारला नसावा. पण माझ्याकडे त्याचं उत्तर आहे, आणि ते चौरस मीटरमध्ये आहे.

आधी माझी ओळख. मी ३१ वर्षं साऊंडवाला होतो. परीक्षणाच्या शेवटी 'ध्वनिव्यवस्था मात्र सदोष होती' असं एक वाक्य असतं ना, तो मी. त्या वाक्यापायी मला परीक्षण शेवटून वाचायची सवय लागली. व्यवस्था चांगली झाली तर उल्लेख नाही, बिघडली तर हमखास. काही वेळा ते वाक्य रास्तही होतं. एकदा उघड्या मैदानात कार्यक्रम होता. मागच्या लोकांसाठी रंगमंचापासून साठ मीटरवर वेगळे स्पीकर उभे केले आणि त्यांना उशीर लावायचा विसरलो. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, तारेतून वीज मात्र क्षणात पोचते. म्हणजे मागच्या स्पीकरमधून शब्द आधी आला आणि रंगमंचावरून तोच शब्द जवळजवळ पावणेदोन दशांश सेकंदाने पाठोपाठ. दोनशे माणसं एकदम मान वळवून मागे बघायला लागली. खरं तर मागच्या स्पीकरला रंगमंचावरच्या आवाजापेक्षा किंचित जास्त उशीर लावायचा असतो. मग स्पीकर शेजारी असूनही कान म्हणतो, गाणारा समोरून गातोय. जो आवाज आधी येतो त्याची दिशा कान खरी धरतो. हेल्मुट हास नावाच्या जर्मन माणसाने १९४९ मध्ये यावर प्रबंध लिहिला, आणि आमचा धंदा बराचसा त्याच्या जिवावर चालतो.

तर मूळ प्रश्नाकडे.

सभागृहात शिरल्यावर साऊंडवाला पहिली गोष्ट काय करतो, तर रंगमंचाच्या मध्यावर उभा राहून एक टाळी वाजवतो. टेम्पोतलं सामान नंतर उतरतं. टाळी किती वेळ घोळते, कुठल्या भिंतीवरून उलटते, कोपऱ्यात खडखडते का, हे ऐकून स्पीकरची तोंडं कुठे करायची ते ठरतं. दुपारी चारला रिकाम्या सभागृहात ती टाळी अंगावर येते. हाताखाली आलेला नवा पोरगा साऊंड चेकला घाबरतोच. 'काका, फार घुमतंय हो.' मी म्हणायचो, थांब, अजून माणसं यायचीत.

हे पहिल्यांदा नीट मोजलं ते वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचं बोलणं कोणाला समजेना. शब्द पाच-साडेपाच सेकंद रेंगाळायचा, तोवर पुढचे दहा त्याच्यावर येऊन पडायचे. हे निस्तरायला सांगितलं सॅबिनला. त्याने जवळच्या नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणायला सुरुवात केली. ऑर्गनची एक नळी वाजवायची, हवा तोडायची, आणि आवाज विरेपर्यंत घड्याळाकडे बघायचं. मग आणखी गाद्या आणायच्या, पुन्हा घड्याळ. सकाळच्या आत सगळ्या गाद्या जागच्या जागी परत. हे वाचलं तेव्हा मला तो घरचाच माणूस वाटला. रात्री सामान वाहायचं आणि उजाडायच्या आत मालकाला पोचतं करायचं, आम्ही दुसरं काय केलं जन्मभर? पुढे त्याच हिशेबावर बॉस्टनचा सिम्फनी हॉल बांधला, १९०० मध्ये.

सॅबिनने माप धरलं ते उघड्या खिडकीचं. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. तेव्हा कुठलीही वस्तू किती खिडकीइतका आवाज गिळते, असा हिशेब. खुर्चीत बसलेला माणूस, अंगावरच्या कपड्यांसकट, साधारण अर्ध्या चौरस मीटर उघड्या खिडकीच्या बरोबरीचा असतो.

तर पत्रलेखक महाशय, फरक पडतो तो एवढा. अर्धा चौरस मीटर. तुम्ही घरी बसलात की तेवढा आवाज गिळला जात नाही, तुमच्या रिकाम्या खुर्चीवर आपटून परत गाणाऱ्याकडे जातो. असे शंभर जण आले नाहीत तर पन्नास चौरस मीटर. तेवढ्यात द्रुत तानेचे दाणे एकमेकांत मिसळायला लागतात, आम्ही फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती पट्टी, खाली ओढतो, मागचे 'आवाज, आवाज' ओरडतात, आणि दुसऱ्या दिवशी ध्वनिव्यवस्था सदोष. (खुर्च्या गुबगुबीत असतील तर हा फरक बराच कमी होतो. तेवढं तुमच्या बाजूने.)

हेडफोनवर ऐकू येतं ते खोटं, असं मी म्हणणार नाही. माझं निम्मं आयुष्य हेडफोनमध्ये गेलंय. पण एक गोष्ट सांगतो. कार्यक्रम संपला की कोणीतरी पेन ड्राइव्ह घेऊन माझ्या टेबलाशी यायचंच. 'साऊंडमधून डायरेक्ट दिलंत तर बरं होईल.' मी द्यायचो. दुसऱ्या दिवशी फोन यायचा, 'अहो, तबला कुठंय?' तबला होता की. पण लहान सभागृहात तबला माइकशिवायच शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, म्हणून मिक्सरवर त्याचा फेडर जेमतेम उघडलेला असतो. मिक्सरमधून जातं ते फक्त सभागृहात जेवढं कमी पडतं तेवढंच. ते रेकॉर्डिंग ऐकणं म्हणजे वजाबाकीतला हातचा ऐकणं. हे ध्यानात आल्यावर मी टेबलाशेजारी उंच स्टँडवर दोन माइक लावायला लागलो. रंगमंच, लोक, भिंती, जे येईल ते घेणारे. कोणाला द्यायला नाही, माझ्यापुरते.

त्यात पंखाही यायचा. आमच्या नेहमीच्या सभागृहात डाव्या भिंतीवरचा तिसरा पंखा दर फेऱ्याला 'टक' करायचा. विलंबित ख्याल सुरू झाला की तो पंखा मला तबल्याआधी ऐकू यायचा, आणि तो कधीच लयीत नसायचा. व्यवस्थापनाला अर्ज दिले. पंखा बहुधा अर्ज वाचत असावा, कारण मोठा गायक आला की जास्तच टकटक करायचा.

आता मी घर सोडतोय त्याबद्दल. ही गोष्ट पत्रात आणायची का, यावर दोन दिवस घालवले. पण त्याशिवाय पुढचं सांगता येत नाही. मुलगी अकरा वर्षांपूर्वी दूर गेली, नोकरीसाठी. लहानपणी ती माझ्याबरोबर कार्यक्रमांना यायची आणि मध्यंतरापूर्वीच केबलच्या पेट्यांवर माझं जाकीट अंथरून झोपायची. गेल्यानंतर पहिल्याच वर्षी एका संध्याकाळी तिचा फोन आला, नेमके तानपुरे जुळत होते. म्हणाली, बाबा, बोलू नका, फोन तसाच धरा. मी हात उंच करून उभा राहिलो, मोबाइलवाल्या प्रेक्षकांना नावं ठेवणारा मी. दहा मिनिटांनी फोन कानाला लावला. ती म्हणाली, 'छान लागलाय आवाज. पण आज तानपुरा नाही का?'

तानपुरा दोन हातांवर वाजत होता. पण फोनमधली यंत्रणा सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे गोंगाट असं धरते आणि तो पुसून टाकते. गाडीचं इंजिन पुसायला केलेली ती युक्ती, तिने तानपुरा पुसला. गंमत बघा, सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये याच तानपुऱ्यावर लिहिलं होतं. तार छेडण्याच्या जागेमुळे जे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबर उमटणारे वरचे बारीक स्वर, नियमाने उमटायलाच नकोत, तेही या वाद्यात उमटतात. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या बाकदार पाठीची आणि तारेखाली सरकवलेल्या जवारीच्या दोऱ्याची ती करामत. नियमाबाहेरचे स्वर देणारं वाद्य, आणि फोनच्या लेखी ते इंजिन.

त्यानंतर ती फोन धरायला कधी म्हणाली नाही. तिच्याकडे रेकॉर्डिंगं होती, ती ऐकायची.

डोंगराचंही इथेच सांगतो, कारण साऊंडवाल्याला डोंगर ही हौस नसते, औषध असतं. शंभर डेसिबलमध्ये पंधरा मिनिटांपेक्षा जास्त राहू नये असा दंडक आहे. मोठ्या वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात आम्ही तीन-तीन तास उभे. रात्री उशीला कान टेकला की आत शिट्टी. म्हणून रविवारी अंधारात निघायचं आणि उजाडायला डोंगरमाथ्यावर. बरोबरचे लोक सूर्योदयाचे फोटो काढायचे, मी दरीकडे पाठ करून बसायचो. पाठ केल्यावर जास्त ऐकू येतं, निदान मला.

पहाटे खालचं सगळं वर येतं. दोन-अडीच किलोमीटरवरचा कुत्रा, बंद पडत पडत सुरू होणारी मोटरसायकल, पत्र्यावर पडलेली बादली, एका बाईने कोणाला तरी मारलेली हाक, अगदी शेवटच्या हेलासकट. रात्रभर जमीन गार झालेली असते, तिच्यालगतची हवाही गार, वरची त्यामानाने उबदार. अशा हवेत आवाज वर निसटत नाही, वाकून पुन्हा खाली येतो आणि लांबवर पसरतो. मग ऊन चढतं, जमीन तापते, सगळं उलटं होतं, आवाज वर वाकून डोक्यावरून निघून जातो. साडेआठ-नऊच्या सुमाराला हे घडताना ऐकू येतं. आधी बादल्या जातात, मग माणसं, कुत्रा बराच वेळ टिकतो. कोणीतरी एकेक फेडर सावकाश खाली ओढत असावं तसं. मी पन्नास-साठ वेळा तरी ते ऐकलं असेल आणि दर वेळी शेवटचा कुत्रा जाईपर्यंत उठलो नाही.

हल्ली तिथे तरुण मंडळी छोटे स्पीकर घेऊन येतात. जन्मभर स्पीकर लावून पोट भरलेल्या माणसाने त्यांना काय बोलावं? एकदा मात्र गेलो. म्हटलं, मिनिटभर बंद करा, गंमत दाखवतो. समोरच्या कड्याकडे तोंड करून टाळी वाजवली. दोन सेकंदांनी परत आली. म्हटलं, आवाज जाऊन आला, म्हणजे कडा साधारण साडेतीनशे मीटरवर. पोरांनी मग टाळ्या वाजवल्या, एकमेकांची नावं ओरडली, खूप हसली. आणि मी दहा पावलं उतरतोय तोवर स्पीकर पुन्हा सुरू, आधीपेक्षा मोठा. चालायचंच.

गेल्या वर्षी कान तपासले. वयाने वरचे स्वर आधी जातात, तसे माझेही गेलेत. झांज मला आता पितळेची वाटत नाही, लाकडाची वाटते. अशा कानांनी दुसऱ्याचा आवाज लावणं ही फसवणूक, म्हणून मिक्सर हाताखालच्या मुलाला देऊन टाकला. आणि मुलगी म्हणाली, मग आता इकडेच या. या महिनाअखेरीस जातोय.

घर सोडण्याच्या दुःखाला पूर्वी डॉक्टर रोग समजत. १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने त्यावर प्रबंध लिहिला आणि परतणं आणि वेदना या दोन ग्रीक शब्दांना जोडून त्या रोगाला नॉस्टॅल्जिया हे नाव दिलं. परमुलखात लढणाऱ्या स्विस शिपायांचं या रोगासाठी फार नाव होतं. पुढे तत्त्ववेत्ता रूसोने आपल्या संगीतकोशात लिहून ठेवलं, की डोंगरात गुरं वळताना वाजवायची एक धून या शिपायांपुढे वाजवायला देहान्ताच्या शिक्षेची बंदी होती, कारण ती ऐकली की ते रडत, पळून जात, मरतसुद्धा. मला आवडतं ते त्याच्या पुढचं. रूसो त्या धुनेत कुठली जादू शोधत बसला नाही. परक्या माणसावर तिचा काहीच परिणाम होत नाही, असं त्याने स्पष्ट लिहिलंय. ती धून संगीत म्हणून काम करत नसते, आठवणीची खूण म्हणून करते.

हे मी पंख्यावरून मान्य केलं. मध्यंतरी मुलगी आली होती तेव्हा सामान आवरता आवरता माझ्या त्या दोन माइकांवरचं एक जुनं रेकॉर्डिंग लावलं. गायन उच्च होतं, तानपुरे स्वच्छ. मी वाट बघत होतो की आता ती आलापाला दाद देईल. ती हातातला टॉवेल तसाच धरून उभी राहिली आणि म्हणाली, 'पंखा!' मग तिला सगळंच ऐकू यायला लागलं. बाजूच्या दाराची बिजागरी, मी दबक्या आवाजात 'तीन नंबर, तीन नंबर' म्हणतोय ते. आलाप झाला, बंदिश झाली, आणि आम्ही दोघं बिजागरी ऐकत होतो. गायकांची क्षमा मागतो. त्या रात्री त्यांनी फार सुंदर मारवा गायला होता.

जाण्याआधी एक वेडेपणा केला. एखाद्या सभागृहात फुगा फोडून तो आवाज नीट रेकॉर्ड केला, तर त्यावरून संगणक त्या सभागृहाचं घुमणं काढून घेतो. मग कुठेही, बंद खोलीत गायलेलं गाणं त्या सभागृहात गायल्यासारखं ऐकू येतं. चित्रपटांच्या आवाजाच्या कामात हे सर्रास चालतं. मी रखवालदाराला गाठलं, दुपारी बारा फुगे घेऊन गेलो. त्याला वाटलं कोणाचा वाढदिवस आहे. रंगमंचावर, मध्ये, मागे, असे एकेक फोडले. शांतता हवी म्हणून त्याने सगळे पंखे बंद केले. घरी येऊन एक गाणं त्या घुमण्यात घालून बघितलं. हुबेहूब आमचं सभागृह, उजव्या कोपऱ्यातल्या खडखडीसकट. पण दुपारी चारचं. साऊंड चेकचं. ज्याला मी जन्मभर 'थांब, अजून माणसं यायचीत' म्हणत आलो ते.

माणसं बसवून फुगे फोडू देईल असं सभागृह मला मिळणार नाही. बारापैकी एक फुगा उरलाय, तो रखवालदाराच्या नातीला दिला.

तर, पत्रलेखक महाशय, महिनाअखेरीपासून माझाही अर्धा चौरस मीटर कमी होतोय. तुम्ही जाणार असाल तर जागा सांगून ठेवतो. मिक्सरच्या पुढची रांग, मधल्या वाटेच्या डाव्या हाताला दुसरी खुर्ची. आवाज आम्ही मिक्सरपाशी उभं राहून लावतो, तेव्हा तिथे जे ऐकू येतं तेच आमच्या मनातलं असतं. भिंतीला लागून बसू नका, तिथे खर्ज फुगतो. बाल्कनीखाली अगदी मागेही नको, झांजेचं पितळ तिथवर येत नाही, तुमचे कान चांगले असले तरी. आणि डावीकडून टकटक ऐकू आली तर मिक्सरवरच्या मुलावर चिडू नका, त्यात त्याचा दोष नाही. त्या पंख्याबद्दल मी व्यवस्थापनाला आजवर सहा अर्ज दिले होते. परवा सातवा देऊन आलो, की आधीचे सहा रद्द समजावेत.

आपला,
एक निवृत्त साऊंडवाला

(नाव छापू नये. परीक्षणं लिहिणारे अजून ओळखतात.)